तीनपैकी दोनच का?

लाँगलाइनचं आमिष गिळायला आलेला अल्बाट्रॉस गळाला अडकून बुडतो. ते टाळण्यासाठी हिंदी महासागर टूना आयोगाने २०१२मध्ये केलेला ठराव आपण वाचला, तर त्यातली पळवाट दिसते. २५ अंश दक्षिणेपलीकडे जहाजांनी तीनपैकी कोणतेही दोन उपाय करायचे: रात्री गळ सोडणं, दोरीला वजन लावणं, पक्षी बुजवणाऱ्या पट्ट्या लावणं. आता बघा, चांदण्या रात्री आमिष दिसतंच. वजनाने गळ लवकर बुडतो, पण तोवर राखण पट्ट्यांचीच. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. साउथ जॉर्जियाजवळ तिन्ही उपाय एकत्र आले, उन्हाळ्यात मासेमारी बंद झाली, आणि हजारोंनी होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. भटक्या अल्बाट्रॉसची मादी दोन वर्षांत एकच अंडं घालते. तिथे निवडीची मुभा आम्हाला मान्य नाही.