सात आम्लांची खिडकी : साहाय्यक फंक्शनांची एक चिकित्सा

जैवमाहितीशास्त्रात प्रसिद्ध झालेल्या पद्धतींची चिकित्सा होते. त्या राबविणाऱ्या दहा-वीस ओळींच्या साहाय्यक फंक्शनांची होत नाही. ही उपेक्षा कशी भोवते, हे कोळस्कर व टोणगावकर यांनी पुणे विद्यापीठातून १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीवरून स्पष्ट होते. प्रथिनाच्या कोणत्या भागाशी प्रतिपिंड जुळेल, याचे अनुमान ती करते. सलग सात ॲमिनो आम्लांच्या गुणांकांची सरासरी मधल्या आम्लाच्या नावे मांडावयाची. संपूर्ण प्रथिनाची सरासरी १.० हून अधिक असल्यास १.० हा, अन्यथा ती सरासरीच, उंबरठा मानावयाचा.

आता साखळीच्या दोन्ही टोकांच्या तीन-तीन आम्लांना पूर्ण खिडकी लाभत नाही. तेथे शून्य भरणारे फंक्शन बिनतक्रार चालते. तथापि ही शून्ये एकूण सरासरीत धरली गेली, तर १०० आम्लांच्या प्रथिनाची १.०३ ही सरासरी सुमारे ०.९७ वर येते. उंबरठा ढासळतो आणि दुर्बळ स्थळेही निवडली जातात. प्रयोगशाळेत मग त्यांचीच पेप्टाइडे तयार होतात, महिने खर्ची पडतात, आणि दोष मूळ पद्धतीच्या माथी येतो.

वस्तुतः अशा फंक्शनाची कसोटी त्याचा प्रामाणिकपणा ही होय. जेथे किंमत नाही तेथे त्याने 'नाही' असेच सांगावे. गणना शून्यापासून की एकापासून, हेही नोंदवावे, कारण एका स्थानाची चूकही निराळेच पेप्टाइड हाती देते. शोधनिबंधात पद्धतीचे नाव घेणाऱ्याने ते फंक्शनही वाचकापुढे ठेवले पाहिजे.