दोन पांढऱ्या गाड्या: कॉर्वेट, फुटकळ माहिती आणि इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं अमेरिकन स्पोर्ट्स कारवर कशाला बोलावं? आधीच सांगून टाकतो, मी ही गाडी चालवलेली नाही. मला तिच्यापेक्षा तिच्याविषयी जे बोललं जातं त्यात जास्त रस आहे. शेवरलेच्या कॉर्वेटभोवती माहितीचा एवढा डोंगर जमलाय, की फुटकळ माहिती आणि इतिहास यांत फरक काय, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

आधी फुटकळ माहिती घेऊ. १७ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सच्या 'मोटोरामा' प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. 'कॉर्वेट' हे एका छोट्या, चपळ युद्धनौकेचं नाव. ते सुचवलं शेवरलेमधल्या मायरन स्कॉट यांनी. आधीच्या बोधचिन्हात अमेरिकेचा राष्ट्रध्वज होता. व्यापारी चिन्हात तो वापरता येत नाही, म्हणून ऐनवेळी बदलावा लागला. पहिल्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंट इथं जवळजवळ हातानं जुळवून फक्त ३०० गाड्या झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून सगळ्या लाल. बाहेरून दाराला मूठ नाही, खिडकीला काच नाही. पाऊस आला तर बाजूचे पडदे लावायचे.

हे सगळं खरं आहे, आणि ऐकायला मजाही येते. पण यातून तुम्हाला कळलं काय? '३०० गाड्या' हा आकडा आज कसा सांगितला जातो बघा. दुर्मीळ, म्हणून मौल्यवान! प्रत्यक्षात तो आकडा चाचपडण्याचा आहे. पत्र्याचे साचे करायला वेळ लागणार आणि पैसाही, म्हणून फायबरग्लासची बॉडी. स्पोर्ट्स कार म्हणायची, पण इंजिन सहा सिलिंडरचं, १५० अश्वशक्तीचं, आणि गिअर दोनच, तेही ऑटोमॅटिक. पुढच्या वर्षी कारखाना सेंट लुईसला गेला, ३,६४० गाड्या झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच विकल्याच गेल्या नाहीत. १९५५ मध्ये व्ही-आठ इंजिन आलं, तरी वर्षभरात गाड्या झाल्या ७०० च. त्याच वर्षी फोर्डच्या थंडरबर्डनं १६,००० चा आकडा ओलांडला. म्हणजे आज जिचा एवढा जयजयकार होतो, ती गाडी तेव्हा बंद पडायच्या बेतात होती.

फुटकळ माहिती नेमकी इथे फसवते. ती खोटी नसते. पण शेवट माहीत असलेल्या माणसानं ती निवडलेली असते. गाडी पुढे अजरामर झाली हे ठाऊक असल्यामुळे सुरुवातीची प्रत्येक अडचण 'वैशिष्ट्य' होऊन बसते. इतिहास वाचताना शेवट विसरावा लागतो. १९५४ सालच्या विक्रेत्याच्या अंगणात, न खपलेल्या गाडीशेजारी, जाऊन उभं राहावं लागतं.

आता झोरा आर्कस-डंटॉव्ह यांच्याकडे वळू. ब्रुसेल्समध्ये रशियन आई-वडिलांच्या पोटी जन्मलेला हा इंजिनिअर. मोटोरामात गाडी पाहिली, दिसायला आवडली, आणि त्यांनी शेवरलेला पत्र लिहिलं. १९५३ मध्येच ते जनरल मोटर्समध्ये रुजू झाले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. मुद्दा सरळ होता. तरुण पोरं जुन्या गाड्या घेतात, उघडतात, इंजिनं बदलतात, वेग वाढवतात. ही पोरं फोर्डच्या मागे आहेत, कारण फोर्डसाठी लागणारे सुटे भाग आणि माहिती बाजारात सहज मिळते. शेवरलेला ती हवी असतील, तर त्यांच्या हातात तसे भाग द्या.

हे नीट लक्षात ठेवा. कॉर्वेटला ज्यानं खरी स्पोर्ट्स कार केलं, त्याच्या डोक्यातली गाडी उघडण्यासाठी आणि बदलण्यासाठी होती.

आणि आजचा संग्राहक काय विचारतो? 'नंबर जुळतात का?' इंजिनवर कारखान्यात ठोकलेला क्रमांक चासीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. जुळला तर किंमत एक, नाही जुळला तर दुसरी. १९७४ पासून अमेरिकेत कॉर्वेटचं पुनर्स्थापन करणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्था आहे. तिथे गाडी तपासतात ती 'कारखान्यातून बाहेर पडली तशी आहे का' या कसोटीवर. म्हणजे गाडी उजळ आणि गुळगुळीत असून भागत नाही. कारखान्यात रंग जिथे ओबडधोबड लागत होता, तिथे तो आजही तसाच हवा. या लोकांची चिकाटी आणि अभ्यास मला मनापासून आदरणीय वाटतात. पण कसोटीचा अर्थ बघा. गाडीच्या आयुष्यातला एकच क्षण खरा, जन्माचा. त्यानंतर कुणी तिला शर्यतीत पळवलं असेल, इंजिन फुटलं म्हणून दुसरं बसवलं असेल, तो सगळा डाग. थोडक्यात, गाडी जितकी जगली तितके तिचे गुण कमी! आणि क्रमांकाला पैसा चिकटला की खोटे क्रमांक ठोकणारेही निघतात. अस्सलपणाच्या हट्टातूनच नकलेचा धंदा उभा राहतो.

१९६३ च्या स्टिंग रेचं उदाहरण तर अफलातून आहे. त्या वर्षीच्या कूपेची मागची काच मधोमध एका पट्टीनं दुभागलेली होती. स्टायलिंगचे प्रमुख बिल मिचेल यांना ती पट्टी हवीच होती. डंटॉव्ह म्हणत, मागचं दिसत नाही, काढा. दोघांचं चांगलंच वाजलं. १९६४ मध्ये पट्टी गेली. मग १९६३ ची गाडी घेतलेल्या काही मालकांनी काय करावं? पट्टी कापली आणि नव्या वर्षाची अखंड काच बसवली! गाडी अद्ययावत दिसायला हवी ना. पुढे काळ फिरला आणि दुभागलेली काच हीच त्या गाडीची ओळख ठरली. त्या वर्षी १०,५९४ कूपे झाल्या होत्या. ज्यांनी काच बदलली त्यांनी, आजच्या भाषेत, पायावर धोंडा मारून घेतला.

मला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना मागचं दिसायला हवं होतं. त्यांच्या दृष्टीनं ती वापरायची वस्तू होती. तिचा 'वारसा' आपण नंतर केला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन नावाचं गाव आहे. १९८१ पासून कॉर्वेट तिथे तयार होते, आणि १९९४ पासून तिथे तिचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. डंटॉव्ह यांच्या अस्थीही तिथेच आहेत. त्या भागात जमिनीखाली चुनखडक आहे. पाणी तो विरघळवत जातं आणि आत पोकळ्या होतात. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे संग्रहालयाच्या घुमटाखालची जमीन खचली आणि आठ गाड्या सुमारे ३० फूट खोल खड्ड्यात गेल्या. सुदैवानं आत कुणी नव्हतं.

त्या आठांत दोन पांढऱ्या गाड्या होत्या. एक १९९२ ची, दहा लाखावी कॉर्वेट. दुसरी २००९ ची, पंधरा लाखावी. दोन्ही बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल, १९५३ च्या त्या पहिल्या गाड्यांची आठवण म्हणून. सुरुवातीला आठही गाड्या दुरुस्त करायचं ठरलं होतं. बाहेर काढल्यावर दिसलं, की काहींमध्ये दुरुस्त करण्याजोगं फारसं उरलेलंच नाही. शेवटी तीन दुरुस्त झाल्या, पाच चिरडलेल्या अवस्थेत तशाच मांडल्या. दहा लाखावी दुरुस्त झाली. पंधरा लाखावी तशीच राहिली.

आमच्या विषयात एक जुना दृष्टान्त आहे, थीसियसच्या जहाजाचा. एकेक फळी बदलत गेलं आणि सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? थॉमस हॉब्जनं त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या जोडून कुणी दुसरं जहाज केलं, तर खरं कोणतं? आणि याच्या कितीतरी आधी 'मिलिंदप्रश्ना'त भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो: तू रथातून आलास ना, मग सांग, रथ कुठला? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजाला कबूल करावं लागतं, की या सगळ्यांच्या आधारानं वापरात आलेलं 'रथ' हे एक नाव आहे. आता तुम्हीच सांगा, पांढऱ्या गाडीला हा प्रश्न विचारायला याहून नेमका पूर्वज कुठे मिळेल?

मी वर्षानुवर्षं हा दृष्टान्त शिकवला, आणि दर वेळी असं वाटायचं की प्रश्न द्रव्य की आकार एवढाच आहे. या दहा लाखाव्या गाडीनं मला तिसरी गोष्ट दाखवली. तिच्या भागांवर, नजरेस न पडणाऱ्या जागी, कारखान्यातल्या कामगारांनी १९९२ मध्ये सह्या केल्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्यांना त्या दिसल्या. बाजारातून नवा भाग आणून बसवणं सोपं होतं. पण सही असलेला भाग जपायचा, शक्य तिथे तोच नीट करून पुन्हा बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. इथे 'अस्सल' या शब्दाचा अर्थच बदलतो. तो भाग जपायचा, कारण त्याला एका माणसाचा हात लागलेला आहे. क्रमांक जुळणं ही वस्तूशी निष्ठा झाली. सही जपणं ही माणसांशी निष्ठा.

मग पंधरा लाखावी गाडी मोडकी ठेवली, हे चूक का? मला नाही वाटत. तिच्यात इतकं नवं घालावं लागलं असतं की उभी राहिली असती ती हुबेहूब नक्कल, आणि खड्ड्याचा पुरावाही पुसला गेला असता. संग्रहालयाबद्दल माझी तक्रार असलीच तर ती वेगळी आहे. दहा लाख, पंधरा लाख या गोल आकड्यांमुळे त्या गाड्या काचेआड गेल्या. गोल आकडा ही फुटकळ माहितीची लाडकी पोर. दहा लाखावीच्या आधीच्या गाडीवरही तेच हात राबले होते. तिच्यावर सह्या करून घ्याव्यात असं कुणाला सुचलं नाही.

एवढंच सांगून थांबतो. १९८३ साली विक्रीसाठी एकही कॉर्वेट निघाली नाही. ४३ चाचणीच्या गाड्या झाल्या, त्यातली एक उरली, ती याच संग्रहालयात आहे. ही माहिती कुणीही तुम्हाला दोन मिनिटांत सांगेल. त्याला पुढचा प्रश्न विचारा: बाकीच्या ४२ का नाहीशा केल्या, आणि त्या कुणी बनवल्या होत्या? तो उत्तर शोधायला लागला, की समजा इतिहास सुरू झाला.