‘उबदार’ आवाजाचा पुरावा नेमका कशाचा?

मुलुंडच्या एका मित्राने विचारलं, “माझा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प फार कोरडा वाटतो रे. मध्ये ट्यूब प्रीअ‍ॅम्प लावू का? आवाज उबदार होतो म्हणतात.” असं म्हणणाऱ्यांकडे एक शास्त्रीय कारणही तयार असतं: ट्यूब दुसरी हार्मोनिक वाढवते, ती मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक वर असते, म्हणून कानाला गोड लागते.

या युक्तिवादाला आधार म्हणून रसेल हॅम यांचा १९७३ चा ट्यूब आणि ट्रान्झिस्टरची तुलना करणारा शोधनिबंध हमखास पुढे केला जातो. निबंध वाचण्यासारखा आहे. अडचण तो वापरणाऱ्यांची आहे.

हॅमनी तपासले ते स्टुडिओतले मायक्रोफोन प्रीअ‍ॅम्प, आणि मुख्य प्रश्न होता ते ओव्हरलोड झाल्यावर काय होतं हा. तिथे ट्यूब ट्रायोडमध्ये दुसरी हार्मोनिक ठळक दिसते, ट्रान्झिस्टरमध्ये तिसरी. आता घरातली परिस्थिती बघा. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. बऱ्याच पॉवर अ‍ॅम्पना पूर्ण ताकदीसाठी एवढेही लागत नाहीत. म्हणजे प्रीअ‍ॅम्पचं काम बहुतेक वेळ आवाज कमी करण्याचंच असतं. नीट बांधलेली ट्यूब इथे ओव्हरलोडच्या आसपासही जात नाही. ज्या अटीखाली निष्कर्ष निघाला ती अटच गेली, तर निष्कर्ष कसा उचलून आणणार?

दुसरा मुद्दा. ‘दुसरी हार्मोनिक गोड’ हे एकट्या स्वरापुरतं ठीक. दोन स्वर एकत्र आले की तीच विकृती त्यांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करते. सा २४० हर्ट्झ आणि पंचम ३६० धरा: वजाबाकी १२०, म्हणजे खालचा सा, बेरीज ६००, म्हणजे तार गंधार. छानच! पण सा २४० आणि कोमल रिषभ २५६ घ्या. बेरीज ४९६, म्हणजे तार सा (४८०) आणि तार कोमल रे (५१२) यांच्या बरोबर मधोमध. हा स्वर गायकाने लावलेलाच नाही. तंबोऱ्याची जवारीही हार्मोनिक्स फुलवते, पण ती वाद्याची करामत आहे आणि ध्वनिमुद्रणात आधीच आलेली आहे.

तिसरा मुद्दा तुलनेचा. “लावला आणि फरक जाणवला” यात एकाच वेळी कितीतरी गोष्टी बदललेल्या असतात. पातळी किंचित वाढली तरी आवाज ‘भरलेला’ वाटतो. शिवाय जोडणी: प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स १० किलोओहम असेल, तर साधारण ३४ हर्ट्झला खर्ज ३ डेसिबलने उतरतो. ४७ किलोओहम असेल तर हीच जागा ७ हर्ट्झवर जाते. म्हणजे उबेसाठी पैसे मोजून खर्जच घालवायचा, असंही होऊ शकतं. स्वस्त मॉडेलमध्ये ट्यूबला जेमतेम व्होल्टेज देऊन खाली नारिंगी एलईडी लावलेला असतो, तो वेगळाच विषय.

मित्राला मी “घेऊ नकोस” म्हटलं नाही. म्हटलं, आधी प्रीअ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स तुझ्या अ‍ॅम्पच्या इनपुटच्या दहाव्या भागापेक्षा कमी आहे का ते बघ. मग मल्टिमीटरने दोन्हींची पातळी जुळव आणि कुठला चालू आहे ते न कळता ऐक. तरीही आवडला तर खुशाल घे. आवड हे पुरेसं कारण आहे, फक्त त्याला हॅमचं नाव देऊ नकोस. आणि त्याआधी एक फुकटचा प्रयोग: टाइल्सच्या उघड्या हॉलमध्ये जाड पडदा लाव, सतरंजी पसर. कोरडेपणा खोलीचाही असू शकतो.

तुम्ही शोधनिबंध वाचताना वहीत तीन रकाने करा: काय मोजलं, कुठल्या अटीत मोजलं, आणि मी त्यावरून काय म्हणतोय. माझ्या स्वतःच्या पहिल्या लिटरेचर रिव्ह्यूत मधला रकाना जवळजवळ रिकामाच होता.