अठरा टक्क्यांतलं दूध

गेल्या दशलक्षण पर्वाआधी आमच्या श्राविका मंडळात मी ठासून सांगितलं होतं, "जगातल्या हरितगृह वायूंपैकी अठरा टक्के वायू जनावरं पाळण्यातून येतात. सगळ्या गाड्या-विमानांपेक्षा जास्त!" मांसाहार करणाऱ्यांवर बरोब्बर बोट ठेवलं असं वाटलं. टाळ्याही पडल्या. घरी पुतणीनं विचारलं, "काकू, ते अठरा टक्के दूध धरून की सोडून?"

मला ठाऊक नव्हतं. आकडा कुणाच्या तरी भाषणातून उचललेला!

मग मुळाशी गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २००६ सालचा 'लाइव्हस्टॉक्स लाँग शॅडो' हा अहवाल. मी बी.ए.वाली, वाचताना दमछाक झाली. पण एक गोष्ट मनापासून पटली. त्यांनी नुसता रवंथ करताना सुटणारा मिथेन मोजला नाही, तर कुरणासाठी आणि चाऱ्याच्या पिकासाठी तोडलेलं रानही जनावरांच्याच खात्यावर मांडलं. अठरांतला सुमारे एक तृतीयांश भार त्या रानाचाच, त्यातही मुख्यतः ॲमेझॉनकडचा. आपण कृत, कारित, अनुमोदना म्हणतो ना, त्यातला कारिताचा हिशेब त्यांनी धरला. कुऱ्हाड कुणी चालवली एवढंच पाहिलं नाही, कुणासाठी चालली हेही पाहिलं.

मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तसं केलं नाही. गाईच्या बाजूला रान, चारा, खत सगळं. गाडीच्या बाजूला फक्त नळीतून निघणारा धूर. गाडी बनवण्याचा हिशेब कुठं गेला? अमेरिकेतले प्राध्यापक फ्रँक मिटलोनर यांनी हे दाखवून दिलं. त्यांच्या केंद्राला पशुउद्योगाचा पैसा मिळतो हे खरं, पण मुद्दा बरोबरच होता. अहवालाच्या एका लेखकानंही २०१० मध्ये तो मान्य केला. म्हणजे मला टाळ्या मिळाल्या त्या नेमक्या चुकीच्या वाक्याला.

त्याच संघटनेच्या २०१३ च्या अहवालात आकडा साडेचौदावर आला. 'बघा, कमी झालं' असं म्हणू नये. मोजायची रीत आणि वर्षं, दोन्ही बदललेली. या मोजणीत रानतोडीचा भार वीस वर्षांवर वाटून देण्याची पद्धत आहे. ही मला खरी पळवाट वाटते. एकविसाव्या वर्षी तेच कुरण वहीत स्वच्छ! तोडलेलं रान काही तोवर उगवून आलेलं नसतं. साडेचौदा की अठरा यावर भांडणाऱ्यांनी आधी ही वीस वर्षं कुठून आली ते विचारावं.

आणि दूध? धरूनच. २०१३ च्या हिशेबात पशुपालनाच्या एकूण भारापैकी ४१ टक्के गोमांसाचा, २० टक्के गाईच्या दुधाचा. आपल्या भागात रानतोडीचा दोष त्या दुधावर फारसा येत नाही, रवंथाचा मात्र येतो. शिवाय आपली जनावरं दूध कमी देतात, म्हणून लिटरमागे तो जास्तच बसतो.

पुढच्या सभेत मी हे सगळं दुरुस्त करून सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत. एक मावशी म्हणाल्या, "आता दुधावरही आलात का?" नंतर चहा आला, दुधाचाच. मीही घेतला.