ओवीचा ताल आणि श्रोत्याचा कान

शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, नेवासे येथे ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली व ती लिहून घेतली गेली, अशी परंपरा आहे. हा ग्रंथ प्रथम कानांसाठी होता. तथापि ओवीच्या छंदाची चर्चा बहुधा कागदावरील अक्षरे मोजूनच होत आली आहे.

गीताचा ताल कानाने ओळखणारा श्रोता अंकांपासून आरंभ करीत नाही. तो बायाचा घुमारा ऐकतो, आणि तो कोठे थांबतो हे पाहतो. केरव्यात पाचव्या मात्रेवर ‘खाली’ येते, म्हणून चार मात्रा भरलेल्या व चार रित्या भासतात. दादऱ्यात हेच तीन व तीन. रूपकात मात्र फसगत होते. तेथे समेवरच खाली असल्यामुळे नवशिका चौथ्या मात्रेला आरंभ समजतो. सात ही संख्या त्याला बरोबर सापडते, सम चुकते. भातखंड्यांच्या स्वरलेखनात यासाठी सम, टाळी व खाली यांच्या स्वतंत्र खुणा आहेत. पाश्चात्त्य पद्धतीत आरंभी लिहिलेल्या दोन अंकांवर काम भागते.

माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त पद्याचा विचार आवर्तनांच्या अंगाने केला, सहा मात्रांचे ते भृंगावर्तन, आठ मात्रांचे ते पद्मावर्तन. मोठ्या अभंगाच्या बाबतीत ही दृष्टी फलदायी ठरते. त्याच्या चरणांत सहा, सहा, सहा व चार अक्षरे असतात. बोटांनी मोजणाऱ्यास ते विषम दिसतात. भजनी ठेक्यात म्हणताना मात्र सहा अक्षरे लांबवून आठ मात्रा भरल्या जातात, चार अक्षरांच्याही तितक्याच होतात, आणि कानाला आवर्तने सारखी लागतात. परंतु हा ठेका मृदंगाने दिलेला असतो. तोच अभंग दुसऱ्या तालातही बांधता येतो; तेव्हा कान ओळखतो तो चालीचा ताल, संहितेचा नव्हे. हा भेद अभ्यासकांनी पुरेसा पाळलेला दिसत नाही.

ग्रंथातील ओवीचे पारायण ऐकताना तर आवर्तन सापडतच नाही. तीन सयमक चरण, त्यामागून आखूड, निर्यमक चौथा, आणि तेथे श्वासाचा विसावा, एवढेच कानाला निश्चित कळते. ‘या ओवीचा ताल कोणता?’ या प्रश्नाचे ‘ताल नाही’ हे उत्तर संगीतज्ञास अपुरे वाटेल. भाषाभ्यासकास ते पटावे.

अक्षरमोजणीत आणखी एक अडचण आहे. आजच्या बोलीत ‘जीव’ या शब्दाच्या अंती ‘अ’ उच्चारला जात नाही, त्यामुळे कानाला एकच अक्षर मिळते. कागदावर दोन दिसतात. ज्ञानदेवांच्या भाषेतील ‘जीवु’ या रूपात अंत्य स्वर खराच होता. आजच्या कानाने चरण ‘सैल’ ठरवून संपादकाने एखादे अक्षर गाळले, तर छंद सुधारत नाही, उच्चाराचा पुरावा मात्र जातो. एकनाथांनी 1584 मध्ये केलेल्या पाठशुद्धीनंतरच्या आणि राजवाड्यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संहितांची तुलना करताना अशा अंत्य स्वरांची नोंद चरणांच्या लांबीआधी व्हावयास हवी. विशेषतः चौथ्या चरणात, कारण एका अक्षराचा फरक तेथेच सर्वांत स्पष्ट ऐकू येतो.