हसण्यापलीकडची लक्ष्मीबाई

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी वर्गात मुलांना हसविण्यासाठीच वाचीत आलो. चूक माझीच. स्वतःची फजिती त्या इतक्या खुशीत सांगतात, की ती ख्रिस्ती नम्रता आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही! १९१९ साली रेव्हरंड टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. टिळकांनीच शिकविलेल्या अक्षरांनी बाईंनी ते पुरे केले. टिळकांचा डौल त्यात नाही, हे मान्य. पण अध्यायामागून अध्याय जुळवीत बसणे, ही मला त्यांची अखंड प्रार्थनाच वाटते. आणि पतीविषयीची कृतज्ञताही. यंदा मुलांचे हसून झाले, की मी ‘ख्रिस्तायन’ उघडणार आहे. मॅट्रिक मास्तराला ते कितपत झेपेल, पाहू.