बहादूरचा जनक

आबिद सुरती हे नाव आज वर्तमानपत्रांत येते ते बहुतेक गळक्या नळांच्या संदर्भात. दहिसरचा चेकनाका ओलांडला की लागणाऱ्या मीरा रोडमध्ये 2007 पासून ते दर रविवारी एका प्लंबरला सोबत घेऊन घरोघरी फिरू लागले, गळणारे नळ फुकट दुरुस्त करू लागले, आणि त्यांच्या 'ड्रॉप डेड फाउंडेशन'ची देशभर वाहवा झाली. ती रास्तच आहे. पण या बातम्यांत हटकून एक वाक्य असते, की हे गृहस्थ 'बहादूर'चे निर्माते, 'ढब्बूजी'चे व्यंगचित्रकार आणि ऐंशीच्या आसपास पुस्तकांचे लेखक आहेत. आयुष्यभराचे काम एका वाक्यात उरकायचे आणि पुन्हा नळाकडे वळायचे, असा हा रिवाज. सुरतींच्या कॉमिक्सची समीक्षा झाली नाही, झाले ते स्मरणरंजन. 'आमच्या लहानपणी बहादूर होता' याच्या पुढे बोलणे सरकत नाही. याचे कारण कामाच्या दर्जात नाही. कॉमिक्सच्या लेखकाचा लौकिक त्याची पुस्तके छापत राहणाऱ्याच्या हाती असतो, आणि सुरतींच्या बाबतीत छापणाऱ्याने हात काढून घेतला.

मुळात बहादूर काय होता ते पाहू. टाइम्स समूहाने 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले ते ली फॉक यांच्या वेताळाच्या जिवावर. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. या पाहुण्यांच्या पंगतीत 1976 मध्ये बहादूर येऊन बसला. गोविंद ब्राह्मणिया यांनी तो रंगवला, तेच ब्राह्मणिया ज्यांच्या कुंचल्यातून इंद्रजालची सुरुवातीची वेताळ-मुखपृष्ठे उतरली होती. बहादूर मुखवटा घालत नाही. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. त्या काळच्या कुठल्याही कॉलेजच्या फाटकावर दिसावा असा हा वेश आहे, आणि लेखक-चित्रकारांची सगळी भूमिका या एका वेशात सांगून होते: नायकाला पुराणातून आणायचे नाही, आफ्रिकेच्या काल्पनिक जंगलातूनही नाही, तर चंबळच्या घळींत, डाकूंच्या मुलुखात आजच्या पोराला उभे करायचे. 1972 मध्ये जयप्रकाश नारायणांपुढे चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली होती. त्या बातमीची शाई वाळली नव्हती तोवर डाकूचा मुलगा कॉमिक्सचा नायक झाला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बहादूर म्हणजे वेताळाचीच देशी नक्कल, म्हणजे मेलेला बाप, शपथ, एकनिष्ठ प्रेयसी आणि हाताशी एक दल. सांगाडा उसना आहे हे मान्य करायला हरकत नाही. इंद्रजालच्या वाचकाला त्याच साच्याची सवय होती. पण सांगाड्याच्या आत काय घातले ते बघायला हवे. वेताळाची परंपरा बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर घेतलेल्या शपथेतून सुरू होते आणि बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी चालत राहते. तिथे वारसा निर्विवाद आहे. बहादूरचा बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि मुलाला वाढवणारा विशाल हा पोलीस अधिकारी. सूडाची भाषा बोलत आलेल्या या मुलाला बापाचा वारसा नाकारावा लागतो, तेव्हा कुठे तो नायक होतो. रक्ताचा बाप आणि वाढवणारा बाप यांतून निवड करणारा नायक त्या काळच्या हिंदी सिनेमाने बराच खपवला, पण मुलांच्या कॉमिक्समध्ये तो आणणे धाडसाचे होते. नक्कल करणारा लेखक मुळातला कणाच असा उलटा बसवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बहादूर नागरिक सुरक्षा दल उभारतो, गावकऱ्यांना डाकूंशी लढायला शिकवतो आणि पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. हे सारे आणीबाणीच्या वर्षात सुरू होते. पोलीस चुकू शकतात, सरकारच अन्याय करू शकते, ही शंका या कथांच्या मुळाशी नाही. इथे बचाव करण्यात अर्थ नाही. बहादूरचे राजकारण भाबडे आहे. मात्र त्याला सरकारी प्रचार म्हणणेही बरोबर नाही, कारण कथेचे वजन पोलीस ठाण्यावर नसून गावाने आपले आपण उभे राहण्यावर आहे. आपल्या वस्तीचे काम आपण करायचे, चार माणसे गोळा करायची, वरून हुकूम यायची वाट पाहायची नाही. मीरा रोडच्या इमारतींत प्लंबर घेऊन फिरणारा म्हातारा याच डोक्याचा आहे. म्हणून नळाच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी कॉमिक्सला एका वाक्यात उरकणे अधिकच खटकते.

बहादूरची प्रेयसी बेला हिच्याबद्दल मात्र तक्रार करायला जागा आहे. लग्न न करता नायकाच्या बरोबरीने राहणारी, लढाईत उतरणारी तरुणी 1970 च्या दशकात मुलांच्या कॉमिक्समध्ये आणायची आणि मग तिच्याकडे स्वतंत्र कथा फारशी सोपवायची नाही, ही संधी दवडणेच झाले. खलनायकही बरेचदा एकाच मापाचे आहेत. 'ढब्बूजी'त या अडचणी येत नाहीत. धर्मवीर भारतींच्या 'धर्मयुग'मध्ये रुजलेली ही चित्रमालिका तीन दशके चालली. तिथे लिहिणारा आणि रेखाटणारा एकच, विनोद तीन-चार चौकटींत संपणारा. माझ्या मते सुरतींची कारागिरी इथे अधिक पक्की आहे आणि कल्पनेची झेप बहादूरमध्ये. दोन्ही एकत्र ठेवून वाचल्याशिवाय या लेखकाचे माप निघत नाही.

पण एकत्र ठेवायचे कसे? इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडले, 'धर्मयुग'ही त्याच दशकात मिटले. दोन्ही बोरीबंदरच्या एकाच घराची, टाइम्सची, प्रकाशने, त्यामुळे एका लेखकाच्या दोन मोठ्या कामांना पाठोपाठ कुलूप लागले. याउलट अनंत पै पाहा. तेही टाइम्समध्येच होते, इंद्रजालच्या आरंभाशी त्यांचा संबंध होता. 1967 मध्ये त्यांनी इंडिया बुक हाउसकडून 'अमर चित्र कथा' काढली आणि ती पुस्तके आजतागायत छापली जात आहेत. तिच्यावर संशोधकांनी ग्रंथ लिहिले, तिच्यातल्या जातीच्या, स्त्रियांच्या, इतिहासाच्या चित्रणावर कडक टीका झाली. टीका होणे हाही लौकिकच असतो, आणि तो दुकानात मिळणाऱ्या पुस्तकाच्याच वाट्याला येतो. प्राण यांचा चाचा चौधरी तसाच छापत राहिला; प्राण यांना 2015 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मराठीत 1991 पासून 'सकाळ'मधून आलेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' पुस्तकरूपाने घराघरांत राहिला. बहादूर मात्र रद्दीच्या दुकानात आणि संग्राहकांच्या चढ्या भावात.

यावर कोणी म्हणेल, माल चांगला असता तर कुणीतरी छापलाच असता. हा युक्तिवाद पुस्तक कोण विकत घेतो हे विसरतो. 'अमर चित्र कथा' आईबाप घेत, कारण तीत संस्कार होते, शाळेच्या बक्षिसालाही ती चाले. इंद्रजाल पोरे घेत, खाऊच्या पैशांतून किंवा दिवसाच्या भाड्याने, आणि चोरून वाचत. पोरे मोठी झाल्यावर त्या पुस्तकांना पालकच उरला नाही.

भाषेचाही हिशेब आहेच. सुरतींचा जन्म 1935 चा, गुजरातमधला. वाढले डोंगरीत, शिकले जे. जे. कला महाविद्यालयात, लिहिले गुजराती आणि हिंदीत. 1993 मध्ये 'तीसरी आँख' या कथासंग्रहाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या एकाच जिन्यावर तीन भाषा बोलल्या जातात, पण साहित्य परिषदा एकेका भाषेच्या असतात. गुजराती समीक्षकाला हा हिंदीतला व्यंगचित्रकार वाटतो, हिंदीवाल्याला गुजराती लेखक. मराठी वाचकाने बहादूर मराठी अनुवादात वाचला, म्हणून आपण त्याला आपल्या यादीत कधी धरलेच नाही. आणि मराठीत तरी कॉमिक्सची समीक्षा आहे कुठे? भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर लेख निघतात, कारण ते गद्य आहे.

बहादूरची नीट संपादित समग्र आवृत्ती निघाली तर पहिला प्रश्न लेखनश्रेयाचा असेल. पुढच्या काळात या कथा जगजित उप्पल यांनी लिहिल्या, आणि वाचकाच्या आठवणीत दोघांचे काम एकमेकांत मिसळून गेले आहे. बेलाला मागे ढकलणे कुणाच्या हातून झाले, पोलिसांवरचा भाबडा विश्वास कुणाच्या अंकांत वाढत गेला, कोणत्या कथेत ब्राह्मणियांच्या चित्राने शब्दांना सांभाळून घेतले, हे अंक क्रमाने मांडून, प्रत्येक कथेवर लेखकाचे नाव घालून तपासावे लागेल. वर सुरतींना दिलेले काही दोष कदाचित तेव्हा त्यांच्या खात्यातून वजा होतील, आणि काही श्रेयही.